संगणकावरची खतावणी : पीएचपीतील ‘असोसिएटिव्ह ॲरे’ दुकानदाराच्या भाषेत

सिंहगड रस्त्याने येऊन धायरी फाट्यावरून गावाकडे वळले की फॅब्रिकेशनच्या शेड, लेथ मशीनचे गाळे आणि नव्या इमारतींची बांधकामे दिसू लागतात. शेजारच्या नऱ्ह्यातही हेच चित्र. अशा भागात हार्डवेअरचे दुकान मांडणाऱ्याला दोन गोष्टी रोज सांभाळाव्या लागतात : शेकडो जिनसांचे दर आणि गिऱ्हाइकांची उधारी. वेल्डिंगवाला महिन्याचे बिल एकदम देतो, सुतार काम संपल्यावर देतो आणि ठेकेदार त्याचे पैसे सुटतील तेव्हा. दर चुकला तर नफा जातो. उधारीची नोंद चुकली तर नफ्याबरोबर गिऱ्हाईकही जाते.

हे काम आता अनेक दुकानांत वहीवरून संगणकावर येत आहे. घरातला शिकलेला मुलगा किंवा भाचा वडिलांसाठी वेबवर चालणारा छोटा प्रोग्राम तयार करतो. त्यासाठी बहुधा ‘पीएचपी’ ही भाषा घेतली जाते, कारण स्वस्तातल्या वेब होस्टिंगवरही ती तयार मिळते. रास्मुस लेरडॉर्फ यांनी ८ जून १९९५ रोजी ती प्रथम लोकांपुढे ठेवली. असंख्य संकेतस्थळांचा आधार असलेला ‘वर्डप्रेस’ याच भाषेत लिहिलेला आहे. या भाषेतील हिशेबाला सर्वांत उपयोगी पडणारा भाग म्हणजे ‘असोसिएटिव्ह ॲरे’. नाव अवघड वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. हा लेख त्या मुलासाठी आहे आणि त्याच्या वडिलांसाठीही, कारण यातले महत्त्वाचे निर्णय प्रोग्राम लिहिणाऱ्यापेक्षा दुकान चालवणाऱ्याने करायचे असतात.

रोजकीर्द आणि खतावणी

जुन्या पद्धतीच्या हिशेबात दोन मुख्य वह्या असतात. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने उतरवले जातात : पहिला, दुसरा, तिसरा. खतावणीत तेच व्यवहार खातेवार लावले जातात. अमक्याकडे बाकी किती, हे विचारल्यावर रोजकीर्द पहिल्या पानापासून चाळावी लागते. खतावणीत त्याचे पान उघडले की उत्तर समोर असते.

संगणकाच्या भाषेत ‘ॲरे’ म्हणजे यादी. साधी यादी ही रोजकीर्द होय. तिच्यातील प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो आणि पीएचपीत तो शून्यापासून सुरू होतो. ‘असोसिएटिव्ह ॲरे’ ही खतावणी होय. तिच्यात प्रत्येक नोंदीला क्रमांकाऐवजी आपण दिलेली खूण असते. या खुणेला आपण ‘किल्ली’ म्हणू आणि किल्ली लावल्यावर जे हाती येते त्याला ‘मूल्य’.

ही कल्पना पीएचपीने काढलेली नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७७ साली आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन यांनी तयार केलेल्या ‘ऑक’ भाषेत ती होती. पुढे १९८७ च्या ‘पर्ल’मध्ये आली. पीएचपीने मात्र साधी यादी आणि खतावणी या दोहोंना एकाच साच्यात बसवले. ही सोय मोठी आहे, पण तिच्यातूनच काही फसगतीही निघतात. त्या पुढे पाहू.

लिहिण्याची पद्धत

समजा, दुकानातून माल टेम्पोने पोचवायचा आहे आणि गावागणिक भाडे ठरलेले आहे. ते असे लिहितात :

$भाडे = ['धायरी' => १००, 'नऱ्हे' => १५०, 'खडकवासला' => ३००];

डावीकडे किल्ली, मध्ये बाण, उजवीकडे मूल्य. खडकवासल्याचे भाडे हवे असेल तर $भाडे['खडकवासला'] असे लिहावे. ३०० हे उत्तर मिळेल. नवे गाव वाढवायचे असेल तर :

$भाडे['किरकटवाडी'] = २५०;

येथे दोन सूचना. उदाहरणांतील आकडे या पानावर मराठीत छापले आहेत. प्रोग्राममध्ये ते इंग्रजी अंकांतच टाकावेत. तसेच पुढे येणारे पीएचपीचे शब्द येथे उच्चारानुसार दिले आहेत. संगणकावर ते इंग्रजी अक्षरांत लिहायचे असतात. ‘$भाडे’ सारखे मराठी नाव मात्र पीएचपीला चालते, फक्त फाइल ‘यूटीएफ-८’ या प्रकारात जतन केलेली असावी. चौकोनी कंसाची ही सुटसुटीत पद्धत २०१२ च्या ५.४ या आवृत्तीपासून आली. जुन्या पुस्तकांत ‘ॲरे’ हा शब्द आणि गोल कंस दिसतील, अर्थ तोच.

खतावणीतील सर्व पाने एकेक करून वाचण्यासाठी ‘फॉरईच’ वापरतात. एखादी किल्ली काढून टाकण्यासाठी ‘अनसेट’. एका खात्यात अनेक गोष्टी ठेवायच्या असतील तर मूल्याच्या जागी दुसरी यादी ठेवता येते :

$खाते['ध-०१७'] = ['वस्ती' => 'रायकर मळा', 'काम' => 'फॅब्रिकेशन', 'बाकी' => १२५०];

मग $खाते['ध-०१७']['बाकी'] असे विचारले की १२५० मिळतात. दराची यादी, उधारी, पुरवठादार, कामगारांची उचल, सारे या एका साच्यात बसते.

नसलेली किल्ली आणि शून्याचे बिल

पहिली फसगत येथे होते. यादीत ‘नांदेड’ हे गावच नाही आणि बिल करणाऱ्याने ते टाकले, तर काय होईल? पीएचपी काम थांबवत नाही. ती ‘काही नाही’ असे मूल्य देते आणि बेरीज-गुणाकारात त्याचा अर्थ शून्य होतो. म्हणजे टेम्पो जातो, डिझेल जळते आणि बिलात भाडे लागत नाही. २०२० च्या आठव्या आवृत्तीपासून अशा वेळी स्पष्ट इशारा निघतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत तो आणखी सौम्य होता. पण चालू संकेतस्थळावर असे इशारे पडद्यावर दाखवणे बहुधा बंद ठेवलेले असते. ते नोंदवहीच्या फाइलीत पडून राहतात आणि ती फाइल कोणी उघडत नाही.

म्हणून दर किंवा भाडे काढण्यापूर्वी किल्ली आहे की नाही हे ‘इसेट’ने विचारावे आणि नसेल तर बिल तेथेच अडवावे. २०१५ च्या सातव्या आवृत्तीपासून दोन प्रश्नचिन्हांची सोय आहे : किल्ली नसेल तर त्यापुढे लिहिलेले मूल्य घ्यावे. ती कोठे वापरायची याचा विचार हवा. नव्या गिऱ्हाइकाची मागील बाकी शून्य धरणे बरोबर आहे. न सापडलेल्या मालाचा दर शून्य धरणे म्हणजे माल फुकट देणे होय.

एक किल्ली, दोन गिऱ्हाइके

दुसरी फसगत अधिक महाग आहे. खतावणीत एका किल्लीला एकच पान असते. त्याच किल्लीने दुसऱ्यांदा लिहिले की पहिले मूल्य पुसले जाते, आणि त्याबद्दल कोणताही इशारा मिळत नाही. भाषेच्या दृष्टीने ही चूक नाही. आपण मूल्य बदलायला सांगितले, तिने बदलले.

आता किल्ली म्हणून गिऱ्हाइकाचे नाव घेतले तर? आपल्याकडे एका मोहल्ल्यात दोन रफिकभाई आणि तीन सलीम शेख सहज निघतात. धायरीत एकाच आडनावाची आणि एकाच पहिल्या नावाची माणसेही कमी नाहीत. एका सलीमची ८,००० ची बाकी चढवली आणि नंतर दुसऱ्या सलीमची ६०० ची, तर खतावणीत ६०० उरतात. पहिल्याचे ८,००० गेले आणि त्याने आणखी काही नेले तर ते दुसऱ्याच्या नावावर चढले. पुढे जो वाद होतो त्यात दोघेही खरे बोलत असतात आणि दुकानदार खोटा ठरतो.

पत्ता जोडला तर प्रश्न सुटेल असे वाटते, पण पत्ताही ठाम नसतो. धायरी गाव २०१७ साली पुणे महापालिकेत आले. त्यामुळे एकच घर कोणी ‘मु. पो. धायरी, ता. हवेली’ असे सांगतो, कोणी ‘धायरी फाटा’, तर कोणी नुसते ‘सिंहगड रोड, पुणे’. माणसाला हे सारे एक वाटते. यंत्राला या तीन वेगळ्या किल्ल्या आहेत आणि ते तीन पाने उघडते. पहिल्या प्रकारात दोन माणसे एका पानावर आली, या प्रकारात एक माणूस तीन पानांवर विखुरला. दोन्ही तऱ्हांनी बाकी चुकते.

दिसायला सारखे, यंत्राला वेगळे

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजीवाल्यांच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. वर ‘नऱ्हे’ ही किल्ली आली. यातील ‘ऱ’ संगणकावर तीन तऱ्हांनी उमटवता येतो : एक, ‘ऱ’चे स्वतंत्र चिन्ह घेऊन, दोन, साध्या ‘र’ला खाली नुक्ता जोडून, तीन, ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर अक्षर सारखे दिसते, आतील संकेत तीन वेगळे असतात. काउंटरवरच्या मुलाने मोबाइलवरून टाकलेले ‘नऱ्हे’ आणि प्रोग्राममधले ‘नऱ्हे’ जुळले नाही की भाडे पुन्हा शून्य. पीएचपीची ‘नॉर्मलायझर’ ही सोय यातील पहिल्या दोन तऱ्हा एकरूप करते. तिसरीचे तिला काही करता येत नाही.

आकड्यांचेही तसेच. मराठी ‘५’ आणि इंग्रजी पाच या दोन वेगळ्या किल्ल्या होत. शब्दामागे चुकून राहिलेली एक मोकळी जागाही किल्ली बदलून टाकते; ती ‘ट्रिम’ने काढता येते. इंग्रजी नावांत लहान आणि मोठी लिपी यांतही फरक धरला जातो.

म्हणून गावाचे नाव गिऱ्हाइकाकडून टाइप करून घेऊ नये. तयार यादीतून निवडू द्यावे आणि किल्ली म्हणून छोटा संकेत वापरावा.

मोबाइल नंबराचा मोह

नावाला पर्याय म्हणून अनेकजण मोबाइल नंबर घेतात. प्रत्येकाचा वेगळा, म्हणून कल्पना बरी वाटते. पण येथे पीएचपीचा एक खास नियम आड येतो. किल्ली अवतरणचिन्हांत लिहिली तरी ती शुद्ध पूर्णांकासारखी दिसत असेल, तर पीएचपी तिला शब्द न मानता संख्या करून टाकते. आजच्या ६४-बिट संगणकांवर दहा अंकी मोबाइल नंबरही या नियमात येतो. आरंभी शून्य असेल तर मात्र ती शब्दच राहते.

एरवी याने बिघडत नाही. बिघडते ते दोन याद्या एकत्र करताना. समजा, धायरीच्या दुकानाची आणि नऱ्ह्याच्या काउंटरची उधारी वर्षअखेर एकत्र करायची आहे. ‘ॲरे_मर्ज’ हे नाव वाचून वाटते की हेच हवे. पण ते संख्येच्या किल्ल्या टाकून देते आणि शून्य, एक, दोन असे नवे क्रमांक लावते. बाकीचे आकडे सगळे जागेवर असतात, कोणाची बाकी ते मात्र कळत नाही. खतावणीची पुन्हा रोजकीर्द झाली, तीही नावे नसलेली.

अधिकच्या चिन्हाने याद्या जोडल्या तर किल्ल्या टिकतात. मात्र दोन्हीकडे खाते असलेल्या गिऱ्हाइकाची फक्त डावीकडच्या यादीतील बाकी राहते, दुसरी गळते. म्हणून याद्या चिकटवण्याऐवजी एकेक खाते घेऊन बेरीज करावी :

फॉरईच ($दुसरे ॲज $किल्ली => $बाकी) { $पहिले[$किल्ली] = ($पहिले[$किल्ली] ?? ०) + $बाकी; }

काम झाल्यावर दोन्ही जुन्या याद्यांची एकूण बेरीज नव्या यादीच्या बेरजेशी जुळते का, हे ताडून पाहावे. जुळवणीशिवाय वही बंद करू नये हा नियम संगणकालाही लागू आहे.

शून्यावरून किराणा आणि भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यांसाठी एक सूचना. जीएसटीसाठी कांदा-लसणाचा एचएसएन संकेत ०७०३ आहे. तो अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर पीएचपी आरंभीच्या शून्यामुळे त्याला आठाच्या पायावरची संख्या समजते आणि किल्ली होते ४५१. संकेत कोणताही असो, तो अवतरणचिन्हांतच लिहावा.

क्रम लावताना

पीएचपीची यादी नोंदी ज्या क्रमाने टाकल्या तो क्रम लक्षात ठेवते. सर्वाधिक बाकी असलेली गिऱ्हाइके वर हवी असतील तर ‘एआरसॉर्ट’ वापरावे. किल्लीप्रमाणे क्रम हवा असेल तर ‘केसॉर्ट’. नुसते ‘सॉर्ट’ वापरू नये. ते किल्ल्या फेकून देते आणि हाती फक्त रकमांची रांग उरते.

फॉर्म भरताना हजाराची मर्यादा

वेब पानावरील फॉर्म भरून पाठवला की त्यातील मजकूरही पीएचपीला असोसिएटिव्ह ॲरेच्या रूपातच मिळतो. रकान्याचे नाव ही किल्ली आणि भरलेला मजकूर हे मूल्य. येथे एक मर्यादा आहे आणि तिचे कारण समजण्यासाठी यंत्राच्या आत डोकवावे लागते.

खिळे-स्क्रूच्या दुकानात भिंतीला लहान खणांचे कपाट असते. माल कोणत्या खणात हे ठरलेले असल्याने सगळे कपाट धुंडाळावे लागत नाही. पीएचपी तसेच करते. किल्लीवर ठरावीक गणित करून ती खणाचा क्रमांक काढते आणि थेट तेथे जाते. त्यामुळे शंभर खाती असोत वा लाख, शोधायला लागणारा वेळ सर्वसाधारणपणे सारखाच. पण मुद्दाम अशा किल्ल्या पाठवल्या की सर्वांचे गणित एकाच खणावर येईल, तर तो एक खण तुंबतो आणि सर्व्हर त्यातच अडकून पडतो. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत हे दाखवून देण्यात आले. पीएचपीसह अनेक भाषांना हा धोका होता. जानेवारी २०१२ च्या ५.३.९ आवृत्तीत पीएचपीने त्यावर बंधन घातले : एका फॉर्ममधून एरवी १,००० पर्यंतच रकाने स्वीकारले जातील.

दुकानदाराला याची झळ मालमोजणीच्या वेळी लागते. ४०० जिनसा आणि प्रत्येकीला शिल्लक, खरेदी दर व विक्री दर असे तीन रकाने म्हटले की १,२०० होतात. फॉर्म पाठवला की शेवटचे २०० रकाने गळतात. इशारा फक्त नोंदवहीच्या फाइलीत जातो. ३३३ जिनसांपर्यंत सारे ठीक, पुढच्या जिनसांचे आकडे पोचलेलेच नसतात. उपाय दोन : मोजणीचा फॉर्म कपाटागणिक तोडावा, किंवा सर्व्हरवरील ‘मॅक्स_इनपुट_व्हार्स’ ही मर्यादा जाणून वाढवून घ्यावी. पहिला उपाय चांगला, कारण मोजणारा माणूसही एका वेळी एकच कपाट मोजतो.

पाटी आणि वही

हेही लक्षात असावे की ॲरे ही पाटी आहे, वही नव्हे. वेब पान तयार होऊन गिऱ्हाइकाच्या पडद्यावर गेले की ती पुसली जाते. उधारी टिकवायची तर ती ‘मायएसक्यूएल’सारख्या डेटाबेसमध्ये लिहावी लागते आणि प्रत्येक वेळी तेथून पाटीवर घ्यावी लागते. डेटाबेसची प्रत दुकानाबाहेर दुसऱ्या ठिकाणी नियमित ठेवावी.

किल्ली कोणती घ्यावी?

आता मूळ प्रश्न. नाव चालत नाही, पत्ता चालत नाही, मोबाइल नंबर अर्धवट चालतो आणि माणूस तो बदलतोही. मग किल्ली कोणती?

याचे उत्तर जुन्या वहीत आहे. रोजकीर्दीत रकमेजवळ ‘खा. पा.’ असा एक अरुंद रकाना असतो. खा. पा. म्हणजे खाते पान. मुनीम नोंद करताना नाव लिही, पण जुळवणी त्या पान क्रमांकाने करी. नाव गिऱ्हाइकाचे असते, पान क्रमांक दुकानाचा असतो. तो दुकानाने दिलेला असल्याने दोघांना एकच मिळत नाही आणि गिऱ्हाईक घर, नंबर वा नावाचे स्पेलिंग बदलो, तो बदलत नाही. संगणकातही तेच करावे. प्रत्येक गिऱ्हाइकाला दुकानाचा खाते क्रमांक द्यावा. त्याच्या आरंभी एखादे अक्षर ठेवावे, म्हणजे पीएचपी त्याची संख्या करणार नाही. वर आलेला ‘ध-०१७’ असाच आहे. काउंटरवर टाइप करायला इंग्रजी अक्षर आणि इंग्रजी अंक अधिक सोयीचे. नाव, वस्ती, मोबाइल ही सर्व माहिती त्या खात्याच्या आत मूल्य म्हणून ठेवावी आणि क्रमांक गिऱ्हाइकाच्या बिलावर ठळक छापावा. एकदा दिलेला क्रमांक खाते बंद झाल्यावरही दुसऱ्याला देऊ नये.

नवा प्रोग्राम सुरू करताना पहिला महिना वही आणि संगणक दोन्ही चालवावेत. महिनाअखेर एकूण उधारी दोन्हीकडे काढावी. आकडे जुळले नाहीत तर फरकाच्या रकमेवरून खाते शोधावे; बहुतेक वेळा कोठेतरी एक किल्ली दोघांना दिलेली किंवा एकाला दोन किल्ल्या दिलेल्या सापडतील. ती दुरुस्त झाली आणि सलग दोन महिने आकडा पैशापर्यंत जुळला, की मगच वही कपाटात ठेवावी.